भावोजींची गाडी

तो गाडी शिकवायचा. अर्धं शहर त्याच्या हाताखालून गेलं होतं, आणि त्या अर्ध्या शहराने त्याचं नाव रॉकेल ठेवलं होतं. काडी लावायचा अवकाश, असा त्याचा राग. शिकणारी मंडळी गिअर बदलण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग हमखास चुकीचा गिअर टाकायची.

डॉक्टरांनी रक्तदाबाचं मशीन दोनदा लावून बघितलं, तेव्हा बायकोने ठरवलं की आता पुरे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ध्यानाला बसतात असं तिने ऐकलं होतं. एक निवृत्त परिचारिका ते वर्ग घ्यायची; सगळे तिला सिस्टरच म्हणत. बायको त्याला तिथे अक्षरशः दारापर्यंत सोडून आली.

तिला वाटलं होतं दोन रविवारांत पळ काढेल. झालं उलटंच, माणूस रमला. श्वास येताना बघायचा, जाताना बघायचा, राग आला तर ‘राग आला’ एवढंच मनात नोंदवायचं आणि त्याच्या मागे धावायचं नाही, हे सिस्टरचं सांगणं त्याला पटलं. बुद्धांनी किती सोपं करून ठेवलंय, असं तो दिसेल त्याला सांगू लागला. एकेक घास डोळे मिटून चावू लागला. मुलीचा मोबाइल फुटला तेव्हा सगळं अनित्य आहे असं म्हणाला, आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. बायको शेजारणीला म्हणाली, ‘‘पूर्वी यांचा राग यायचा आणि जायचा तरी. ही शांती मात्र घरातून हलायचं नाव घेत नाही.’’

त्याची एक मोठी बहीण होती. आई कारखान्यात पाळीवर असायची, त्यामुळे त्याला वाढवलं खरं तर ताईनेच. शाळेला तयार करण्यापासून ते मारामारी करून आल्यावर गुडघे धुण्यापर्यंत सगळं तिने केलं. वयाने एवढा वाढला तरी तिच्यासाठी तो बारक्याच. ताई पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, घरी शिवायची, पुन्हा जाऊन लावून द्यायची. हा सगळा प्रवास भावोजींच्या गाडीतून व्हायचा. भावोजी गाडी चालवायचे, टेपचं दुसरं टोक धरायचे आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारून ताईचं काम लांबवायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, आणि गाडी कापड पांघरून घरासमोर उभी राहिली.

वर्ष होत आलं तेव्हा ताई म्हणाली, मला शिकव.

त्याच्या शिकवायच्या गाडीत ती छान शिकली. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेलं, पायाला अंदाज होता. परवानाही पहिल्याच फेरीत मिळाला. मग भावोजींच्या गाडीवरचं कापड निघालं, आणि सगळं बिनसलं. त्या गाडीत ताईला क्लच जमेना. गाडी आचके द्यायची, बंद पडायची. तो शेजारी बसून श्वास बघायचा. राग आला, राग आला, अशी नोंद करायचा. आपण किती शांत आहोत याचं त्याला मनातून कौतुकही वाटायचं.

बाजाराकडे चढणारा एक रस्ता आहे, वर सिग्नल. तिथे गाडी बंद पडली. ताईने चालू केली, पुन्हा बंद पडली, आणि या वेळी जराशी मागे घरंगळली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाकीच्यांनी त्याला साथ दिली. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, आणि इतके दिवस नोंदवून ठेवलेला सगळा राग एकदम बाहेर आला.

‘‘तुला नाही जमायचं हे! विकून टाक ही गाडी, नाहीतर मारशील कुणाला तरी!’’

ताईने हँडब्रेक ओढला. चारही दिवे लुकलुकते केले, त्यानेच शिकवल्याप्रमाणे. मग दार उघडून उतरली आणि पदपथावरून घराच्या दिशेने चालू लागली. मागे वळूनही बघितलं नाही. त्याने घाईघाईने स्टिअरिंगपाशी बसून गाडी काढली, तिच्या घरासमोर लावली. ती पोचल्यावर किल्ली पुढे केली. तिने ती घेतली आणि दार लावून घेतलं.

तो आठवडा त्याला घास गोड लागला नाही. बायकोने काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि एकदाही टोमणा मारला नाही. ते त्याला जास्त लागलं.

रविवारी तो लवकर जाऊन सिस्टरला भेटला. सतरंज्या घालता घालता तिने ऐकून घेतलं. मी रोज बसतो, तो म्हणाला, गाडीतसुद्धा श्वासावर होतो, तरी असं कसं झालं?

‘‘तुम्ही श्वास बघत होतात, तेव्हा ताई काय करत होत्या?’’

‘‘गाडी चालवत होती.’’

‘‘चेहरा कसा होता त्यांचा? बसल्या कशा होत्या?’’

त्याला सांगता येईना. सिस्टरने सतरंजीची घडी सरळ केली. ‘‘श्वास सगळ्यांत जवळ असतो म्हणून तिथून सुरुवात करायची,’’ ती म्हणाली. ‘‘तिथेच मुक्काम नाही करायचा. शेजारी माणूस बसलंय, त्याच्यापर्यंत पोचायचंय ना.’’

त्या दिवशी त्याचं ध्यान काही लागलं नाही. ताई कशी बसली होती, हे आठवायचा तो प्रयत्न करत राहिला. पाठीमागे एक उशी होती. मान पुढे काढलेली, डाव्या पायाची फक्त बोटं क्लचवर. आणि मग त्याला स्वतःचं आठवलं. त्या चढावर तो घाईत स्टिअरिंगमागे जाऊन बसला, तेव्हा त्याचे गुडघे कुठेच अडकले नाहीत. ताई त्याच्या खांद्याएवढी. तिच्यानंतर बसताना सीट मागे सरकवावी लागायला हवी होती. ती त्याने सरकवलीच नव्हती. भावोजी त्याच्याच उंचीचे होते.

तो मध्येच उठला. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी एकेक डोळा उघडून बघितलं.

ताई यंत्रावर बसली होती, समोर पडद्याचा भलामोठा निळा पन्हा. दार उघडंच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा शिवणीकडे. कापड जमिनीवर लोळत होतं. त्याने खाली बसून त्याचं टोक उचलून धरलं. ती शिवत राहिली, तो पुढे सरकवत राहिला. एक किनार पूर्ण झाली.

‘‘ताई, मी ओरडलो ते चुकलं. आणि गाडी विकण्याचं बोललो ते तर फारच वाईट बोललो.’’

‘‘हो,’’ ताई म्हणाली.

दुसरी किनार सुरू झाली. सम्यक वाणीवर सिस्टरने सांगितलेलं कितीतरी त्याला पाठ होतं, पण आत्ता त्यातलं काही बोलावंसं वाटलं नाही.

‘‘तुझ्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नसतो,’’ थोड्या वेळाने तो म्हणाला. ‘‘माझ्या गाडीत असतो. शिकणाऱ्याने काही केलं तरी मी थांबवू शकतो. तुझ्या गाडीत मी घाबरतो, ताई. तू मागे घरंगळलीस तेव्हा माझी पाचावर धारण बसली.’’

यंत्र थांबलं. ताईने चष्मा वर सरकवून त्याला नीट न्याहाळलं. ‘‘अरे, मग घाबरलो म्हणून सांगायचं की. लहानपणी सांगायचास.’’

कापडाचं टोक त्याने मांडीवर घेतलं. मग त्याने हळूच विचारलं, ‘‘सीट पुढे का नाही घेतलीस?’’

ती निळ्या कापडावरून हात फिरवत राहिली. ‘‘संध्याकाळी कधीकधी मी जाऊन बसते त्या गाडीत. पाय पोचत नाहीत. तेव्हा वाटतं, हे आत्ताच उठून काहीतरी आणायला गेलेत. सीट सरकवली की त्यांची जागा मोडली.’’

अनित्य हा शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता. तो त्याने गिळला. तिच्याकडे बघत राहिला: केस कानामागे खोचलेले, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा, आणि कित्येक दिवस न झोपलेले डोळे. हे सगळं आठवडाभरापूर्वीही तिथेच असणार.

‘‘नको सरकवूस,’’ तो म्हणाला. ‘‘मी चालवीन. मापं घ्यायला मी येत जाईन.’’

हे तो मनापासून म्हणाला होता. कदाचित म्हणूनच ताई हसली. ‘‘आणि शिकवणार कोण लोकांना? चल, उठ.’’

गाडीत बसल्यावर तिने पाठीमागची उशी काढून मागच्या सीटवर टाकली. पाय लांब केले. ते पोचले नाहीत. तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. तो शेजारी बसला होता. घाई करावी, धीर द्यावा, असं काही त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याने ते केलं नसतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या घरातून कुणीतरी चटई झटकली.

मग ताईने खाली हात घालून दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. खडखडत, एकेक खाच मागे टाकत ती सरकली. ताईचा चेहरा आक्रसला आणि ती रडली. ओढणीने डोळे पुसून तिने आरसा आपल्या उंचीला लावला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिने गिअर टाकायला हात पुढे केल्यावर काढून घेतला.

चढावरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. तो हिरवा झाला तसा क्लच अर्ध्यावर, हँडब्रेक सुटला, गाडी वर निघाली. मागून एकाने उगाच हॉर्न वाजवला, त्यावर ताई असं काही पुटपुटली की तिच्या तोंडून तो शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला.

मैदानाला वळसा घातल्यावर तिने गाडी कडेला घेतली. ‘‘तू उतर जरा. मी एकटी एक फेरी मारून येते.’’

तो उतरला. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. मैदानात मुलं खेळत होती. तो उभा राहिला, छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड त्याने लपवली नाही, नोंदवलीही नाही. तो फक्त रस्त्याकडे बघत राहिला. मग पलीकडच्या बाजूने गाडी आली, वळणाला नीट दिवा देत, आणि बरोबर त्याच्यासमोर थांबली.

‘‘बस,’’ ताई म्हणाली. ‘‘पट्टा लाव. एका बाईंच्या घरी मोठ्या खिडकीचं माप घ्यायचंय, टेप धरायला कुणीतरी हवंय. आणि तिथे गप्पा मारत बसू नकोस.’’