उजव्या बाजूचे पाटे

शुक्रवारी दुपारी सात नंबरच्या बोअरवेलच्या वाटेवर गाडी पोट टेकून बसली. पावसाने दोन्ही चाकोऱ्या खोल खरवडून नेल्या होत्या आणि मधे मातीचा कणा तेवढा उरला होता. त्या कण्यावर मागच्या आसाचा गोळा अडकला. रोवेना नॉस्केने दोन तास फावड्याने माती उकरली, गाडी सोडवली आणि सात नंबर न बघताच परत आली. तिथला हौद एव्हाना अर्ध्यावर असणार, हे तिला माहीत होतं.

रॅंचच्या व्यवस्थापक म्यूरियलबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज हेलिकॉप्टरवाल्याला तिकडे पाठवते. पण दर वेळी नाही जमायचं. गुरं तुझ्या दुखवट्यासाठी थांबायची नाहीत गं. सोमवारी पूर्ण फेरी करून दाखव. नाही जमली तर मला बाहेरचा माणूस ठेवावा लागेल."

अकरा बोअरवेल, एकशे चाळीस किलोमीटर, दर तिसऱ्या दिवशी. तिचा बाप अल्फ सव्वीस वर्षं ही पाण्याची फेरी करत होता, याच गाडीतून. एप्रिलमध्ये तो गेला. जूनपर्यंत रोवेनाने ती ओढली होती. तिला ती फेरी हवी होती. का, असं कुणी विचारलं असतं तर तिने पगाराचं कारण पुढे केलं असतं.

गाडी दोन इंच उंच करायचा बेत अल्फचाच. फेब्रुवारीत त्याने शहरातल्या स्प्रिंगचे पाटे बनवणाऱ्याकडे खास मापाच्या चार जुड्या सांगितल्या होत्या. मार्चमध्ये त्या आल्या आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिल्या. शनिवारी सकाळी रोवेनाने ताडपत्री ओढली. काळ्या रंगाचे, चांगले कमानदार पाटे. दोन जुड्यांवर पिवळा ठिपका होता, म्हणजे त्या उजवीकडच्या, चालकाच्या बाजूच्या.

आठ वाजता शेजारच्या रॅंचवरून हर्ब ट्रेझाइस आला. शेजार म्हणजे बावन्न किलोमीटर. एकाहत्तर वर्षांचा, काटकुळा, अल्फचा जुना दोस्त. आल्या आल्या त्याने गाडीखाली डोकं घातलं.

"हे बोल्ट तुझ्या जन्माआधीचे दिसतात."

"माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत, काका."

"मग मान देऊन काढायला हवेत," असं म्हणून त्याने ग्राइंडर चालू केला.

मान देऊन एकही निघाला नाही. गाडीची चौकट जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, आस खाली लोंबता सोडला आणि पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट कापून काढले. पाट्यांच्या पुढच्या उजव्या खिळीने मात्र सकाळ खाल्ली. तेल पाजलं, आच दिली, घण घातले. हर्ब खिळीला जे जे बोलला ते सगळं अल्फ बोलायचा, त्याच क्रमाने. शेवटी चहा प्यायला दोघं बाजूला झाले आणि परत येऊन पहिला ठोका घातला तशी ती मुकाट बाहेर आली.

"चहाचीच वाट बघत होती, टवळी."

जुनी जुडी खाली ठेवली तर ती जवळजवळ सपाट झालेली. उजवीकडची डावीपेक्षा जास्त. रोवेनाने त्यावरून एकदा हात फिरवला आणि ती बाजूला सरकवली.

रविवारी दुपारपर्यंत चारही नव्या जुड्या बसल्या. हर्बने शेवटचे बोल्ट आवळायला पाना उचलला.

"आत्ता नाही," रोवेना म्हणाली. "आधी गाडी चाकांवर येऊ दे."

"अगं, उताणं पडलोच आहे तर दोन मिनिटांचं काम."

"लोंबत्या गाडीचे बोल्ट आवळले की खाली टेकल्यावर आतली रबरं पिळून फाटतात. अंगावर वजन आल्याशिवाय आवळायचं नाही."

हर्बने गाडीखालून तिच्याकडे पाहिलं. "हुबेहूब तोच. तोही मला उताणा ठेवून भाषण द्यायचा."

गाडी खाली घेतली, चार वेळा दाबून हलवली, बोल्ट आवळले आणि दोघं दहा पावलं मागे गेली. दोन इंच उंची आली होती, पण गाडी डावीकडे कललेली होती. टेपने मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत उजवी बाजू पाऊण इंच वर.

"बाजू चुकल्या आपल्या," हर्ब म्हणाला.

"ठिपके बघून बसवल्यात."

"मग ठिपके लावणारा चुकला. खोल सगळं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे."

पुन्हा खोलायचं म्हणजे सोमवार गेला, आणि सोमवार गेला म्हणजे फेरी गेली. तिने पाना हातात घेतला आणि परत ठेवला. पाटे करणारा आंधळा नव्हता, आणि बाबा मापात चुकणारा नव्हता. रबरांच्या खोक्याच्या तळाशी मागणीचा कागद होता, तो तिने काढला. बापाचं अक्षर, दाबून लिहिलेलं.

चालक: ११८ किलो. बाजूची सीट: रिकामी. नेहमी.

तिने कागद हर्बकडे दिला. त्याने चष्मा लावून वाचला.

"एकशे अठरा!" तो ओरडला. "मला तीस वर्षं शंभर सांगत होता, लबाड! माझ्या होडीत बसताना शंभर सांगून बसायचा!"

रोवेना हसू लागली. हसता हसता तिला शेडच्या खांबाला धरावं लागलं. हर्ब चष्मा पुसत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"आपलं काही चुकलं नाही, काका. त्याने त्याच्या वजनासाठी उजवी बाजू चढी करून घेतली होती. तुम्ही किती किलो?"

"साठ. आणि मी खोटं सांगत नाही."

"बसा चालकाच्या जागी."

हर्ब बसला. त्याच्या मागे तिने वीस-वीस लिटरचे तीन पाण्याचे कॅन ठेवले, गाडी हलवली आणि पुन्हा टेप लावली. डावी, उजवी, सारखी. केसाचाही फरक नव्हता.

"उतरू का आता, की असाच बसून राहू?" आतून हर्ब म्हणाला.

"उतरा. मी साधारण तुमच्याएवढीच आहे. कॅन राहू देत तिथेच."

तिने कॅन पट्ट्याने घट्ट बांधले. हर्बने खारवलेल्या मांसाचं उरलेलं सँडविच संपवलं आणि जाताना खिडकीतून बोट दाखवलं.

"ते पाणी पिऊ नकोस हं. गाडी कलेल."

सोमवारी ती उजाडता निघाली. बापाच्या सीटला पडलेल्या खळग्यात तिने उशी ठेवली होती. पहिल्यांदाच तिला बॉनेटच्या पलीकडची वाट नीट दिसत होती. नवे पाटे कडक होते, दात वाजत होते. सात नंबरच्या वाटेवर मातीचा तो कणा आला तेव्हा तिने वेग कमी केला, खालचा गिअर टाकला आणि गाडी पुढे घातली. खालून सुकं गवत घासल्याचा आवाज आला. तेवढाच. मग हौद दिसला आणि त्याभोवती तांबड्या गाई, तिच्याकडे वळून बघणाऱ्या.

पंप सुरू होता. झडपेत अडकलेलं शेवाळ तिने काढलं, धार मोठी झाली, आणि तिने रेडिओ उचलला.

"सात नंबर चालू आहे, म्यूरियलबाई. चार राहिले."

"मग बोलत काय बसलीस? आणि हो, बुधवारच्या बाजाराच्या यादीत पुढच्या फेऱ्यांसाठी तुझं डिझेल लिहून ठेवते."

रोवेनाने पाण्याच्या कॅनच्या झाकणावर हात ठेवून क्षणभर विचार केला. मग तिसऱ्या कॅनमधून एक मग पाणी काढून तिने चहाला ठेवलं. एका मगाने गाडी जेवढी कलायची तेवढी कलू दे.