आता फोनची गरज नाही

"एस दाबा. समोशाचा एस," गजेंद्र फोनवर म्हणाला. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरून तो कुणाच्या तरी कीबोर्डमधली धूळ ब्रशनं झटकत होता.

"दाबला," पलीकडून शेवंताबाई म्हणाल्या. "आता उंटाचा यू?"

"हौ. मग डब्ब्याचा डी. अन् ओखलीचा ओ."

"बाबू, हा ओ म्हंजे शून्य त नाही ना? दोन्ही गोलच दिसून राह्यले मले."

"पीच्या बाजूचा ओ, बाई. वरच्या रांगेतला शून्य नको."

"थांब, चष्मा पुसते. तू जेवला का?"

"जेवलो."

"का बनवलं?"

"वांग्याची भाजी," गजेंद्र म्हणाला. खरं तर सकाळची खिचडी अजून झाकून ठेवलेली होती.

शेवंताबाई लामता गावच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा रायपूरला. त्यानं आपला जुना लॅपटॉप आईला पाठवला होता आणि तो बैलगाडीच्या चालीनं चालायचा. शहरात काली पुतली चौकाजवळच्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गजेंद्रनं त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकून दिली आणि लॅपटॉप तरतरीत झाला. अडचण एकच होती. कुठलाही नवा प्रोग्रॅम बसवायचा तर काळ्या खिडकीत इंग्रजी ओळी टाइप कराव्या लागायच्या, आणि त्या गजेंद्रला फोनवर अक्षर अक्षर करून सांगाव्या लागायच्या. एका ओळीत अर्धी संध्याकाळ जायची. त्यातलं ओळीचं काम थोडंच, बाकी शेजारणीचं बाळंतपण, धानाचा भाव आणि भाजीत मीठ जास्त झालं तर काय करावं.

फोन किरनापूरच्या गुरुजींचेही यायचे, बैहरच्या कारकून बाबूंचेही. सगळेच बिचारे नवखे, एक टिंब चुकलं की घाबरून बसायचे. गजेंद्रला त्यांची दया यायची. दुकानामागच्या खोलीत, आई गेल्यापासून जिथं दुसरं माणूस नव्हतं तिथं, तो सगळा हिवाळा एक काम करत बसला. त्यानं एक खिडकी तयार केली. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमचं चित्र, चित्राखाली हिरवं बटण, 'बसवा'. नको झालं तर लाल बटण, 'काढून टाका'. टाइप काही करायचं नाही. काम पुरं झालं की शेवटी एक ओळ यायची. ती त्यानं फार हौसेनं लिहिली होती: 'झालं! आता फोन करण्याची गरज नाही.'

हे त्यानं सगळ्यांना पाठवलं, आणि फोन बंद झाले.

सुरुवातीला त्याला बरं वाटलं. मग फोनची रेंज गेली असेल असं वाटून त्यानं समोरच्या चहावाल्या तेजरामला मिसकॉल द्यायला लावला. फोन खणखणीत वाजला.

"कोणाची वाट पाहून राह्यला, भाऊ? सोयरीक येनार आहे का?" तेजराम म्हणाला.

गजेंद्र हसला, पण त्याला ते लागलं. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि इतकं एकटंही त्याला कधी वाटलं नव्हतं. गुरुजींचं जाऊ दे, बाबूंचं जाऊ दे. पण संध्याकाळ झाली की कुणीतरी आपल्याला जेवला का विचारतं, याची सवय झाली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याची त्यालाच लाज वाटायची.

रविवारी एक माउस खिशात टाकून तो मोटरसायकलनं लामत्याला गेला. माउस द्यायला आलो, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं.

शेवंताबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्याला पाहून उठल्या, पदर सारखा केला.

"या साहेब. बसा."

मागच्या वेळी आला तेव्हा त्यांनी त्याला स्टीलच्या गिलासात चहा दिला होता आणि पाणी रांजणातून स्वतःच घे म्हणाल्या होत्या. आज आतल्या खोलीत खुर्ची आली. कपबशी आली. बशीत दोन बिस्किटं.

"चालते ना बरोबर?" त्यानं विचारलं.

"चालते ना. लई सोपं केलं तुमी. पत्ते बसवले, मग नाही आवडले त काढले. आता लुडो बसवला. एकटीनंच." त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. एक रंग त्यांचा, बाकीचे तिन्ही मशीनचे.

"कोण जिंकते?"

"मशीनच जिंकते."

गजेंद्रनं बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं.

"मंग फोन काहून नाही केला, बाई?"

"तुमीच लिहिलं ना, गरज नाही म्हनून." त्या टेबलावरची नसलेली धूळ पदरानं पुसू लागल्या. "बरोबर आहे. रोज रोज कोन ऐकन? मी म्हटलं, पोरगा सभ्य आहे, तोंडावर बोलत नाही. लिहून धाडलं."

दारातून निघालेल्या माणसाला 'येत जा' म्हणायची या भागातली रीत. पुन्हा यायची गरज नाही, असं इथं मोडलेल्या सोयरिकीतच म्हणतात. हे गजेंद्रला कुणी शिकवायला नको होतं, तो इथलाच होता. तरी ती ओळ त्यानं लिहिली होती, आणि वर उद्गारचिन्ह ठोकलं होतं.

"तसं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "ते सगळ्यायसाठी होतं. म्हंजे तुमाले तरास नको म्हनून..."

"मले कुठं तरास होता?" शेवंताबाई म्हणाल्या.

ओसरीवर चिमण्या सुपातला तांदूळ टिपत होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

गजेंद्रनं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. आपली खिडकी उघडली. लुडोच्या चित्राखालचं लाल बटण दाबलं. मशीननं एकदा विचारलं, नक्की का? त्यानं होकार दिला. चित्र फिकं झालं. मग त्यानं ती अख्खी खिडकी, सगळ्या चित्रांसकट, काढून टाकली. पडद्यावर काहीच उरलं नाही.

"बिघडलं वाटते," मान न वळवता तो म्हणाला. "आता बटणानं नाही बसणार. काळ्या खिडकीतूनच बसवा लागन. फोनवर सांगतो मी. एका दिवसात नाही व्हायचं ते."

शेवंताबाई त्याच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. लाल बटणानं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग ओसरीवर जाऊन सूप उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि डब्यातून आणखी एक मूठ तांदूळ त्यात टाकला.

"जेवूनच जाय मंग," त्या आतून म्हणाल्या. "बिघडलं आहे त येळ लागनच."