सव्वीसबाईचं अभिनंदन

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फॅशनचे खरेखुरे जुने कपडे विकत घ्यायला जावं, तर ते हमखास एखाद्या काडीपैलवान बाईच्या मापाचे निघतात. त्या काळी जाड बायका नव्हत्याच की काय, असं वाटावं. होत्या, चांगल्या भरपूर होत्या. पण त्यांनी आपले कपडे विटेपर्यंत अंगावर घातले आणि मग त्यांची पायपुसणी केली, मागे उरणार काय? तेव्हा कुणीतरी डोकं चालवलं आणि धाटणी जुनी पण कापड नवंकोरं, माप अठरापासून पुढे आणि किंमत खिशाला झेपेल अशी, असे कपडे ऑनलाइन विकायला काढले. दुकान म्हणायचं, पण ती गावाबाहेरची एक लांबलचक शेड होती. पुढच्या दाराने कपडे जायचे आणि मागच्या दाराने परत यायचे. मागच्या दाराशी मापबाईचं टेबल होतं.

मापबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण शेडमध्ये तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. परत आलेला खोका उघडायचा, कपडा झटकायचा, काखेचा वास घ्यायचा, कॉलरला पावडर लागलीय का बघायचं, चेन खालीवर करायची, खिसे उलटे करायचे. खिशांत काय काय निघायचं. केसांचे चाप, खोकल्याची गोळी, एकदा तर कुणाची तरी दाताची कवळी निघाली होती. चोवीस नंबरचा कपडा आला की ती पडद्यामागे जाऊन तो स्वतःच्या अंगात घालायची, खुर्चीवर बसायची, दोन्ही हात वर करायची आणि शिवण टिकली तर कपडा पास. कारण इतक्या मोठ्या मापाचा पुतळा बाजारात मिळत नाही. सुपरवायझरने तिला नोकरी देताना हे स्पष्टच सांगितलं होतं आणि जन्मभर ज्या अंगावरून बोलणी खाल्ली त्या अंगाचा पगार मिळतोय म्हणून ती त्या दिवशी मनापासून हसली होती.

फेब्रुवारीत एक हिरवा ठिपक्यांचा ड्रेस परत आला. गडद हिरवा रंग, पांढरे टपोरे ठिपके, फुग्यांच्या बाह्या, कमरेला त्याच कापडाचा पट्टा आणि खाली चांगला ऐसपैस घेर. दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल हाच. मापबाईचा तर तो लाडकाच होता, कारण तिच्या आईचा तरुणपणीचा एक फोटो होता, त्यात असलाच ड्रेस घालून गलेलठ्ठ आई पोट धरून हसत होती. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिने ताईला फोनवर त्याचा फोटोही पाठवला होता. ताई म्हणाली होती, बघते. परत आलेल्या ड्रेसचं माप सव्वीस होतं आणि सोबतच्या पावतीवर बाईने ऑनलाइन टाइप केलेलं कारण छापून आलं होतं, "सैल झाला. एक माप लहान पाठवा."

यात नवल काहीच नव्हतं. चोवीस पाठवला. मार्चमध्ये तो परत आला. "माप घेऊन मागवला होता, हातात येईपर्यंत सैल झाला. बावीस पाठवा." मापबाईने पॅकिंगवालीला पावती वाचून दाखवली. पॅकिंगवाली म्हणाली, ही बाई आहे की बर्फाची लादी? तेव्हापासून तिचं नाव सव्वीसबाई पडलं. पावतीवर नुसता ऑर्डरचा नंबर असे, नावं-पत्ते वर ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये. पण नंबर तोच असल्यामुळे माणूस तोच, हे टेबलावर कळायचं.

तो चोवीसचा ड्रेस मापबाईने नेमाप्रमाणे अंगात घातला. आरशात बघताना तिला वाटलं, आज ही बाई बरोबर माझ्याएवढी आहे आणि पुढच्या महिन्यात ती पुढे निघून जाणार. मत्सर वाटला, का खोटं बोला? तिने स्वतः काय काय करून पाहिलं नव्हतं. पण मत्सराच्या मागोमाग कौतुकही आलं आणि नियमात बसत नसताना तिने कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी खरडल्या आणि बावीसच्या खोक्यात सरकवल्या. "अभिनंदन. आमच्या टेबलावर सगळ्यांना तुमचं फार कौतुक वाटतं. असंच चालू ठेवा, मध्येच सोडू नका. आणि तुमचं गुपित आम्हालाही कळवा."

एप्रिल संपता संपता बावीस परत आला. पावतीवर छापून आलं होतं, "चिठ्ठी वाचून फार आनंद झाला. गुपित काही नाही हो, आपोआप होतंय. वीस पाठवा."

आपोआप म्हणे. पॅकिंगवालीने नाक मुरडलं. अशा बायका कधी खरं सांगत नाहीत, म्हणाली. मापबाईला मात्र तो विनय वाटला. जूनमध्ये वीस परत आला, अठरा गेला. आता टेबलावर पैजा लागायला लागल्या होत्या. आणि जुलैच्या मधल्या आठवड्यात, सकाळच्या गाडीने, अठरा परत आला. "तुमच्याकडचं सगळ्यात लहान मापही आता मला ढगळ होतं. पैसे परत करावेत. तुम्हा सगळ्यांची आठवण येईल."

सव्वीसबाई पास झाली, असं पॅकिंगवालीने शेडभर ओरडून सांगितलं. सुपरवायझरसुद्धा कधी नव्हे तो हसला आणि त्याने सगळ्यांना चहा पाजला. पेले घेऊन सगळ्या जणी टेबलाभोवती उभ्या होत्या. चार दिवसांपूर्वी कामावर आलेली इस्त्रीवालीही त्यांत होती. वयाने मोठी, बोलायला फटकळ. तिने खोक्यातला ड्रेस उचलला, उलटसुलट केला आणि मापबाईला विचारलं, "ही तुमची कोण?"

"कोण कोण?"

"ही सव्वीसबाई. घडी तुमच्यासारखीच घालते. मला वाटलं, तुम्हीच घालून ठेवलीय."

मापबाईने घडीकडे बघितलं. बाह्या पाठीवर हाताची घडी घातल्यासारख्या एकमेकींवर, घेर तीनदा आत दुमडलेला आणि पट्टा गुंडाळून कॉलरच्या आत बसवलेला, म्हणजे तो हरवत नाही. आईने दोघी बहिणींना शिकवलेली घडी. परत येणाऱ्या शंभर खोक्यांत पट्टा कुठे लोंबत असतो, कुठे गाठ मारलेला असतो, कुठे नसतोच. या एका नंबरचा पट्टा पाचही वेळा कॉलरमध्ये होता. पाचही वेळा तिने तो बोटाने बाहेर काढला होता आणि तिच्या डोक्यात काहीही आलं नव्हतं, कारण तिच्या लेखी पट्ट्याची जागा तीच होती. स्वतःच्या घरची गोष्ट कुणाला दिसते?

तिच्या हातातला पेला कलंडला. चहा टेबलावरून ओघळून खाली पायावर आला, तरी ती हलली नाही. ताईच्या फोनचा कॅमेरा फेब्रुवारीपासून बिघडलेला होता. घरी येऊ नको, रंगकाम चाललंय, हे ताईचं एप्रिलपासून चाललेलं. कुठल्या घराचं रंगकाम तीन महिने चालतं? आणि ताई सव्वीस नंबरची होती. लहानपणापासून धाकटीपेक्षा एक माप मोठी, कायम.

वर जाऊन कॉम्प्युटरवर नाव बघ, असं पॅकिंगवाली म्हणाली. मापबाईला तेवढं धैर्य झालं नाही आणि गरजही नव्हती. सुपरवायझरला घरी अडचण आहे एवढंच सांगून ती बाहेर पडली आणि मिळेल त्या बसने ताईच्या घराकडे निघाली. बसमध्ये दीड तास ती स्वतःची समजूत घालत होती. पट्टा काय, कुणीही कॉलरमध्ये ठेवेल. समजूत काही पटेना.

ताई एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची आणि खरं म्हणजे दुपारी दोन वाजता ती घरी असायलाच नको होती. पण बेल वाजवल्यावर आत पावलं वाजली आणि दार उघडलं.

दारात ताईच्या चेहऱ्याची कुणीतरी दुसरीच बाई उभी होती. गालांची हाडं वर आलेली, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं, गळ्याशी दोन खड्डे. पिवळसर रंग. घरातला जुना गाउन खांद्यावरून घसरत होता आणि तो ती एका हाताने धरून होती.

आणि ताई हसत होती.

"घालवलीस ना सगळी गंमत," ताई म्हणाली. "तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तो आईसारखा ड्रेस घालून एकदम समोर येऊन उभी राहणार होते. ड्रेस कुठलाच बसेना, मग म्हटलं, तशीच येईन. इतके महिने तोंड लपवलं ते काय उगीच?" एवढं बोलून तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि गिरकी संपायच्या आत दाराची चौकट धरली. दम लागला होता. हल्ली जरा दमायला होतं, म्हणून अर्ध्या दिवसाने घरी येते, असं तिनेच सांगितलं. जेवण? भूकच नसते, तेच तर बरं आहे, कष्ट काही नाहीत. दुकानात येणारी जाणारी माणसं वळून वळून बघतात. पन्नास वर्षांत कधी कुणी बघितलं नव्हतं. शेजारीण तर रोज विचारते, काय करता हो?

बोलत बोलत ती धाकटीला आत घेऊन गेली. कपाटाच्या आरशाच्या कोपऱ्यात ती चिठ्ठी खोचलेली होती. चार महिन्यांत कागदाचे कोपरे वळले होते. असंच चालू ठेवा, मध्येच सोडू नका. मापबाईला आपलंच अक्षर वाचवेना.

"तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय?" ताई म्हणाली. "हसू आवरेना मला. म्हटलं, हिला कळलेलं नाही आणि ही माझंच अभिनंदन करतेय. खोके तुझ्याच टेबलावर येतात हे कळल्यावर तर आणखी मजा आली."

"ताई, तू डॉक्टरकडे गेलीस का?"

ताई पलंगावर बसली. गाउनचा खांदा नीट करत राहिली. मग तिने सांगितलं ते अगदी सहज, भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं. मार्चमध्ये पोटात दुखायचं, वजन का उतरतंय तेही कळत नव्हतं, म्हणून तिने डॉक्टरांची वेळ घेतली होती. शुक्रवारची होती. गुरुवारी खोका आला.

"चिठ्ठी वाचली," ताई म्हणाली, "आणि म्हटलं, काय वेडी आहे मी. सगळी दुनिया यासाठी धडपडते, माझी धाकटीसुद्धा, आणि मी ते बंद करायला औषध आणायला निघालेय. मग वेळ रद्द केली."

मापबाईने ताईचा फोन उचलला आणि दवाखान्याला लावला. उद्याच्या उद्या या, असं पलीकडून सांगितलं, तेही तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ताई म्हणत होती, अगं, एवढं काय, तुझा वाढदिवस तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जायला ताईला एकही कपडा धड होईना. कपाटात सव्वीसचे बारा कपडे आणि आत ही एवढीशी बाई. मापबाईने तिला एक निळा ड्रेस घातला, पाठीशी चार सेफ्टीपिना लावल्या आणि पट्टा कमरेभोवती दोनदा गुंडाळला. पिना लावताना बोटांना पाठीचे मणके लागत होते. गेल्या पाच महिन्यांत याच बाईचे कपडे तिने टेपने मोजले होते, काखेत नाक घालून हुंगले होते, एक तर स्वतः घालून ती आरशात मिरवली होती.

डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, पण तपासण्यांचे कागद त्यांनी एकामागून एक फाडले आणि प्रत्येकावर तातडीचं म्हणून लिहिलं. मग त्यांनी विचारलं, वजन नक्की किती दिवसांत उतरलं? ताई म्हणाली, आमच्या घरात वजनकाटा कधी नव्हताच, आईने आणू दिला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंदाज सांगा, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

"मी सांगते," मापबाई म्हणाली. "अकरा फेब्रुवारीला सव्वीस सैल होत होता. अठरा मार्चला चोवीस. एकोणतीस एप्रिलला बावीस, सहा जूनला वीस. काल अठरा. एकेका मापाला कमरेत दोन इंच धरा."

डॉक्टरबाईंनी भराभर लिहून घेतलं. मग पेन थांबलं आणि त्यांनी चष्म्यावरून दोघींकडे बघितलं. आवाज चढवला नाही, पण विचारायचं ते विचारलंच.

"इतकं तारखेनिशी माहीत होतं, तर मग कुणाला काहीच वाटलं नाही?"

ताईने टेबलाखाली धाकटीचा हात धरला. हाताला वजन असं नव्हतंच.

"वाटलं ना," मापबाई म्हणाली. "मी अभिनंदन केलं."

तेवढं मात्र डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं नाही.