मागे एक बाई सारखी बोलतेय

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला कधी पाहिलं नसेल, आणि उरलेले मला माळ्यावर टाकून कधीच विसरून गेले असतील. असो. काळा चपटा डबा, पोटात दोन चक्र्या आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत, एवढाच माझा पसारा. पण या पोटात तीन तासांचं एक अख्खं घर नांदत होतं. त्या घराचं काय झालं, तेच सांगायला बसलेय.

कारखान्यातून मी कोरी बाहेर पडले. दुकानाच्या काचेमागे चार महिने काढल्यावर एका अबोल माणसाने मला उचललं. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होता. बंद पडायला आलेल्या एका फोटो स्टुडिओतून त्याने खांद्यावर घ्यायचा जुना कॅमेरा आणला होता आणि त्याच्यासाठी मी हवी होते. घरातले त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते.

पहिल्या दिवशी बाबांनीच कॅमेरा धरला. नकाशावर केसाएवढी सरळ रेघ ओढणारा हा माणूस, पण कॅमेरा खांद्यावर आला की त्याचा हात लटपटायचा. पहिली दहा मिनिटं माझ्यावर नुसत्या फरश्या, खुर्च्यांचे पाय आणि कुणाच्या तरी चपला उमटल्या.

"अहो, द्या इकडे," आई म्हणाली. "तुम्ही त्या खुर्चीत बसा आणि जमलं तर थोडं हसा."

तेव्हापासून कॅमेरा आईच्या खांद्यावर गेला तो गेलाच. त्यामुळे तीन तासांत ती कुठेही दिसत नाही. ताई दिसते, धाकटा छोटू दिसतो, बाबा दिसतात. आई फक्त ऐकू येते. आणि काय ऐकू येते! तिच्या तोंडाला खंड म्हणून नसायचा. "छोटू, नाकातलं बोट काढ, हे पुढे तुझी बायको बघणारेय." "ताई, अभ्यासाचं सोंग करतेस ते ठीक, पण पुस्तक तरी सुलटं धर." "आणि हे आमचे साहेब. हसा म्हटलं की दात दुखल्यासारखा चेहरा करतात."

ती टेलिफोन ऑफिसात फोन जोडून द्यायचं काम करायची. आवाज किंचित घोगरा, पण ऐकताना बरं वाटायचं. बाबा कचेरीतून रोज बाहेरगावचे फोन मागायचे आणि तो आवाज ऐकायचे. दीड वर्ष त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट तिनेच एकदा मुलांना चित्रण करता करता सांगितली. "नुसते नंबर मागायचे रे! शेवटी मीच म्हटलं, नंबर पुष्कळ झाले, आता नाव सांगा." त्यावर बाबा मान मागे टाकून खदखदून हसले. असं हसणं माझ्यावर एकदाच उमटलं आहे.

एकदा मात्र बाबांनी घात केला. टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली होती, हाताशी दुसरी कॅसेट नव्हती, म्हणून त्यांनी ती माझ्यावर चढवली. ताईच्या नाचाची वीस मिनिटं पुसली गेली. आई भांडली नाही. दोन दिवस ती बोललीच नाही, आणि बाकीच्या तिघांना घर खायला उठलं. तिसऱ्या दिवशी तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माझ्या कडेची छोटी पट्टी कट्‌कन मोडून टाकली. ती पट्टी मोडली की आमच्यावर नवं काही चढवता येत नाही.

"आता बघतेच कोण पुसतंय ते," ती म्हणाली आणि माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'घरचं. पुसू नये.' माझा जीव भांड्यात पडला. आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही, असं मला वाटलं.

छोटू नववीत असताना ती गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि तिथून तिला परत आणलंच नाही. बाबांनी मला कपाटातल्या खालच्या खणात स्वेटरांच्या खाली ठेवलं. या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते दुसऱ्या कुणी घेतलं नाही. "जेवलास?" "हो." "येतो." "बरं." एवढ्यावर तिघांनी वर्षांमागून वर्षं काढली. आईचा विषय तर कुणी काढायचाच नाही, असं न ठरवता ठरून गेलं. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मला चालवायचं यंत्र बिघडलं, भंगारात गेलं. खणात दमट होतं. माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मी अंग चोरून पडून राहिले.

मग एका दुपारी खण उघडला. बाबांचे हात म्हातारे झाले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं, चिठ्ठीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि चक्क माझ्याशी बोलले.

"चेहरा दिसतो गं तिचा. फोटो आहेत भिंतीवर. पण आवाज आठवेना झालाय. खूप आठवून बघतो, नाही येत."

मला गलबलून आलं. आवाज माझ्यापाशीच होता, सगळाच्या सगळा.

संध्याकाळी छोटू आला. त्याला टक्कल पडायला लागलंय, तरी घरात तो छोटूच. बाबांनी मला त्याच्या हातात दिलं.

"ही जरा नवीन करून आण. पेनड्राइव्हवर घेऊन देतात म्हणे."

"काय आहे यात?"

"घरचंच आहे."

बस. 'तुझ्या आईचा आवाज आहे' एवढं म्हणायला काय जात होतं? पण त्या घरात तशी सवयच उरली नव्हती. मुलापुढे असं काही बोलायचं म्हणजे बाबांना कानकोंडं झालं असणार. जे माझ्यापाशी बोलले, ते त्याच्यापाशी बोलले नाहीत, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

छोटूने मला एका गल्लीतल्या दुकानात दिलं. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागच्या खोलीत जुन्या कॅसेट उतरवून घ्यायची सामग्री. दुकानदार मनाने वाईट नव्हता, उलट कामाला चोख होता. त्याने माझे पाच स्क्रू काढले, फीत कापसाने आणि स्पिरिटने पुसली, दोन दिवस मला पंख्याखाली वाळवलं. मग मिनिटभर चालवून पाहिलं आणि छोटूला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"फीत भुगा सोडतेय, साहेब. एकदाच चालवू शकेन. दुसऱ्यांदा टिकेल असं सांगत नाही."

"चालेल, करा."

"आणि आवाजाचं काय करू? खरखर फार आहे, आणि मागे एक बाई सारखी बोलतेय. ते काढून वर छान म्युझिक टाकतो. सगळे तसंच करून घेतात."

"हो हो, टाका. बाबांचा वाढदिवस आहे, छान दिसलं पाहिजे."

एक बाई! ती बाई कोण, हे छोटूच्या डोक्यात आलंच नाही. त्याला तरी दोष कसा देऊ? ज्या आवाजाचं नाव घरात इतकी वर्षं निघालं नव्हतं, तो या डब्यात असेल, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

यंत्रातून दोन वायरी निघायच्या. पिवळी पिन चित्राची आणि पांढरी आवाजाची. दुकानदाराने पांढरी पिन उपसली, टेबलावर टाकली, बटण दाबलं आणि झेरॉक्स काढायला पुढे गेला.

तीन तास मी चालले. माझा एकेक कण झडत होता आणि तरी मी चालत होते. ती बोलत होती. छोटूला दटावत होती, ताईला चिडवत होती, बाबांची गंमत करत होती, मध्येच खोकत होती. सगळं त्या वायरीच्या टोकापर्यंत येत होतं आणि टेबलावर सांडून जात होतं. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. तिने मोडलेली पट्टी माझं यापासून रक्षण करू शकली नाही.

वाढदिवसाला ताई नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आली. छोटूने मोठ्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. मलाही हौसेने टीव्हीशेजारी ठेवलं. चित्र लखलखीत आलं. सोबत गोडगोड पियानो वाजायला लागला. "अय्या, आई, तू किती बारीक होतीस!" ताईची मुलगी ताईला म्हणाली. सगळे हसले. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, डोळे पडद्यावर नव्हतेच, मान किंचित कलती.

"आवाज वाढव," ते म्हणाले.

छोटूने वाढवला. पियानो मोठा झाला.

"अजून."

"बाबा, फुल आहे."

पडद्यावर तरुण बाबा मान मागे टाकून हसत होते. खुर्चीतल्या बाबांनी ते पाहिलं आणि विचारलं, "ती कुठेय?"

"आई कॅमेऱ्यामागे होती ना, बाबा," छोटू समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती यात दिसत नाही."

"दिसण्याचं कोण म्हणतंय?"

ताईने तोंडावर हात धरला. छोटूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला उचललं आणि चप्पलही धड न घालता तो दुकानाकडे धावत सुटला.

"अहो, आधी बोलायचं ना," दुकानदार हळहळला. त्याने पांढरी पिन लावली, मला यंत्रात घातलं. मी जीव एकवटला, खरंच सांगते. थोडी खरखर झाली आणि माझी फीत आतल्या चाकाला चिकटून तुटली. दुकानदाराने ती चिमट्याने सोडवली तेव्हा त्याच्या बोटांना तपकिरी भुगा लागला होता; आता जोडूनही तिच्यातून काही निघणार नव्हतं. छोटू तिथल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडला.

आता मी टीव्हीशेजारीच असते. फीत बाहेर लोंबतेय, पण मला टाकून द्यायची कुणाची छाती होत नाही. बाबा छोटूला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला वेळेवर बाहेर काढा. आणि तिला दुसऱ्याच्या हातात देताना, त्यात काय आहे, कुणाचं आहे, ते तोंडाने सांगा. लाजू नका. आमच्यात साठवलेलं आम्हाला सांगता येत नाही.

बाबा रोज दुपारी पियानो बंद करून ते चित्र मुक्यानेच बघतात. सुटीच्या दिवशी छोटू येतो आणि शेजारी बसतो. परवा त्याचं सायकल शिकणं लागलं होतं. पडद्यावर तो वळणावर सायकलसकट आडवा झाला आणि कॅमेरा हलला.

"बाबा, इथे काय म्हणाली असेल आई?"

बाबांनी पुष्कळ वेळ विचार केला. "ओरडली असेल घाबरून."

"हो. ओरडलीच असेल."

नाही रे बाळांनो, ती ओरडली नव्हती. "ऊठ," ती म्हणाली होती, "मी आहे ना इथे."