तपाला बसलेले मेंढे

उंद्रीच्या पुढे डांबरी रस्ता संपला की बोरवाडी लागते. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी तिथे जत्रेसारखी गर्दी होती. एरवी वर्षभर एक इथे, एक तिथे अशी जन्मणारी कोकरं या खेपेला घरोघरी एकाच पंधरवड्यात आली होती. पारावर भगव्या गादीवर भस्मनाथ महाराज बसले होते.

"मेंढे तपाला बसवले," ते सांगत होते. "तपाचं तेज भस्मात उतरलं, भस्मातून मेंढीत गेलं. आता कोकरं मोजता मोजता थकून जासान."

मी त्या भागातली जनावरांची डॉक्टर. मेंढ्याच्या तपश्चर्येचा धडा आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

"मेंढा तप कसं करतो?" मी महादेवरावांना विचारलं. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"ज्येष्ठात सारे मेंढे टेकडीपल्याड मठात नेऊन बांधले, मॅडम. आषाढात भस्म लावून परत आणले."

"आणि सगळ्यांना गुण आला?"

"एक घर सोडून. अन्नपूर्णाबाईनं मेंढा देला नाही. तिच्या सावलीनं आता आमचीबी कोकरं मरून राह्यली."

कोकरं मरत होती हे खरं. कडाक्याची थंडी, कोंदट गोठे, न्यूमोनिया. मी औषध देत होते, महाराज दोष देत होते. लोकांना दोष लवकर पटला.

अन्नपूर्णाबाईंचं घर गावाबाहेर शेतात होतं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन खामगावला. बाटलीच्या दुधावर वाढवलेला मेंढा दारात बांधलेला होता.

"हा दुसऱ्याच्या हातचं खात नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी मेला असता. म्हणून नाही देला." आवाज घोगरा होता, कित्येक दिवस न वापरल्यासारखा. "आता शेतात निंदाले कोणी बलावत नाही. गिरणीवाला म्हणते, दळण ठेव अन् दूर उभी राह्य. माह्या मेंढ्या मी एकलीच चारते. दिवसभर बोलाले कोणी नसते, मॅडम. कधी कधी मेंढ्यालेच हाक मारते, आपला आवाज हाये का गेला ते पाहाले."

त्यांच्या मेंढ्यांना कोकरं होतच होती, फक्त नेहमीसारखी मागेपुढे. तेवढ्यावरून त्या अवदसा ठरल्या होत्या.

मी म्हटलं, "येत्या ज्येष्ठात हा मेंढा माझ्याकडे द्या. लांब पिंपळगाव राजा या गावी माझ्या ओळखीच्यांकडे ठेवू. सुरुवातीचे दिवस तुम्ही तिथे राहून त्याला खायची सवय लावा. भस्म नाही, मंत्र नाही."

त्या बराच वेळ मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "तो गेल्यावर मी कोणाशी बोलू?" त्यांनी विचारलं. तरी ज्येष्ठात त्यांनी मेंढा दिला.

मेंढ्याला तिथली सवय लावून त्या परतल्यावर मी जमेल तेव्हा त्यांच्या घरी जायचे. दोघी ओट्यावर बसायचो. दूरवर गावाचा कळप दिसायचा, मेंढपाळाची हाक ऐकू यायची. त्या तिकडे बघत राहायच्या. आषाढात मेंढा परत आला, आणि मार्गशीर्षात त्यांच्या गोठ्यात एकामागून एक कोकरं जन्मली. पंधरवड्यात गोठा भरला.

बघायला गाव लोटलं. महाराजही आले. गोठ्यात डोकावून म्हणाले, "मठाची हवा इथपर्यंत आली. कृपा झाली बाईवर."

"मेंढा पिंपळगाव राजाला होता," मी म्हटलं. "मठाची हवा तिकडेही जाते का?"

गर्दीत कोणीतरी हसलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं. मेंढा कायम जवळ असला की मेंढ्यांना त्याची सवय होते. ज्या त्या आपल्या वेळेला माजावर येतात, म्हणून कोकरंही वर्षभर विखुरतात. पण महिनाभर तो दिसू दिला नाही, त्याचा वासही येऊ दिला नाही, आणि मग एकदम कळपात सोडला, तर बहुतेक मेंढ्या थोड्याच दिवसांच्या अंतरानं माजावर येतात. पाच महिन्यांनी कोकरंही बरोबरच येतात. जुने मेंढपाळ हे ओळखून होते. महाराजांनी त्यावर फक्त राख फासली.

"मंग मागल्या साली काऊन मेली आमची कोकरं?" महादेवरावांनी विचारलं.

"थंडीनं. एकदम एवढी कोकरं येणार हे माहीत असून कोरडी जागा आणि आयांना चारा आपण ठेवला नाही. त्यात या बाईंचा काय दोष?"

महाराज कधी निघून गेले ते कळलंही नाही. महादेवराव खाली बघत उभे राहिले आणि घरी गेले. माफी कोणी मागितली नाही.

मला एवढंच सांगायचं आहे. अजब काही दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? आणि कोणी माणसाकडे बोट दाखवून 'हिच्यामुळे' म्हणालं, तर तोच प्रश्न दुप्पट जोरानं विचारा. राख धुतली की जाते. माणसाला एकटं पाडलेलं वर्ष परत देता येत नाही.

गर्दी पांगल्यावर शेजारच्या शेतातल्या वच्छलाबाई तेवढ्या मागे राहिल्या. वर्षभर त्या याच बांधावरून तोंड फिरवून गेल्या होत्या.

"काय बोलावं, समजून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाईंनी ओट्यावरची जागा हातानं झाडली.

"नको बोलू," त्या म्हणाल्या. "बस नुसती."