हात न लावलेली थैली

मित्रांनो, लोक मला जुनी थैली म्हणतात. माझ्या कॅनव्हासचा रंग उडाला आहे, चेन गंजली आहे, म्हणून त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण काही थैल्या वापरून झिजतात. मी न वापरता म्हातारी झाले. ते कसे घडले, ते सांगते. जे मी पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे ऐकले ते ऐकीव म्हणून.

गोंदियाच्या बाजारात एका शिंप्याने मला शिवले. शिवून घेणारा होता बुद्धभूषण शहारे, कोहमाऱ्याजवळच्या एका खेड्यातला तरुण. जखमी जवानांवर जागच्या जागी उपचार कसे करायचे, याचे सैन्यातले प्रशिक्षण त्याने नुकतेच पूर्ण केले होते. सरकारी थैली त्याला मिळालीच होती. मी त्याची स्वतःची, सरावासाठीची. मशीनजवळ बसून त्याने माझे कप्पे ठरवले. डावीकडे पट्ट्या, उजवीकडे कात्री आणि रक्त थांबवायचा रबरी पट्टा बाहेरच्या खिशात. शिंपी वैतागला.

"भाई, थैली सिलवा रहे हो या मकान?"

"चाचा, एक हाथ से खुलनी चाहिए," बुद्धभूषण म्हणाला. "दूसरा हाथ तो आदमी पे रहेगा."

सुट्टीत घरी आला की तो आईला, अल्काबाईला, ओसरीत बसवी आणि धाकट्या बहिणीला, रचनाला, पट्टी बांधायला शिकवी.

"माय, पाय समोर कर. तुह्या पायाले गोळी लागली समज."

"तुह्या तोंडात माती! मले कायले गोळी लागंल?"

"बोलू नको माय, तू बेहोश हायस."

रचना हसून हसून पट्टी सैल बांधायची आणि तो ती पुन्हा सोडायला लावायचा.

पलटणीत जवान त्याला 'डॉक्टर साब' म्हणत. दर रविवारी तो मला पूर्ण रिकामी करी. प्रत्येक पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळी, रबर ताणून बघी, चेनला मेण लावी. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. मला कोणी नमस्कार करीत नव्हते, पण रोज कोणाचा तरी हात माझ्यात असे.

तो गेला त्या दिवशी मी त्याच्यासोबत नव्हते. मी पलंगाखाली, ट्रंकेत होते. चौकीवर गोळीबार झाला, एक साथीदार पडला आणि त्याच्याकडे धावताना बुद्धभूषणला गोळी लागली. हे ऐकीव आहे. तो साथीदार वाचला, हेही ऐकीव आहे.

ट्रंक घरी आली. अल्काबाईने एकेक कपडा नाकाशी धरला. मग माझी चेन बोटभर उघडली. आत पट्ट्यांच्या गुंडाळ्या ओळीने बसलेल्या होत्या, त्याने शेवटच्या रविवारी लावल्या तशाच. तिने चेन लावली.

"हे त्याच्या हातचं हाय," ती म्हणाली. "आता याले कोणी हात लावाचा नाही."

त्याच्या फोटोखाली मला टांगले गेले. त्याच्या स्मृतिदिनी मला विहारात नेत. मेणबत्त्या लागत, वंदना होई, भाषणे होत. माणसे माझ्यासमोर वाकत. पोरांच्या हातावर चापट बसे, "लावू नको, दादाची थैली हाय!" अल्काबाई रोज माझ्यावरची धूळ पुसायची. फक्त वरून.

बुद्धभूषणचे वडील देवाजी कमी बोलणारे. एकदा मात्र ते बोलले. "माह्या बापानं घरातले देव नदीत सोडले. अन् तू थैलीचा देव करून राहिली."

"देव नाही करून राहिली. लेकराचा हात हाय तो आत. उघडला का सुटला."

देवाजी उठून बाहेर गेले.

पुढे रचना गोंदियाला नर्सिंग शिकू लागली. एका सुट्टीत ती आईला म्हणाली, "माय, रबर खराब होऊन राहिलं असंल. मले दे, मी बदलवते."

"तुले दादा नाही पाहिजे, त्याची थैली पाहिजे, हो ना?"

रचनाने पुन्हा कधी विचारले नाही.

मग मळणीचे दिवस आले. धान खळ्यावर येऊन पडले होते. शेजारच्या भोजराजचा हात मशीनमध्ये गेला. त्याची बायको निर्मलाबाई अशी ओरडली की मशीनच्या घरघरीतूनही ते मला ऐकू आले. रचना घरीच होती. ती खळ्याकडे धावली आणि लगेच परत आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

"माय, थैली!"

अल्काबाई माझ्याखाली उभी होती. तिचा हात वर आला आणि थांबला.

"फोन केला का गाडीले?"

"केला. येऊन राहिली. तोपर्यंत काका नाही राहत, माय!"

अल्काबाईने मला काढले. चेन ओढली, ती हलली नाही. गंजून जाम झाली होती. तिने कोपऱ्यातला विळा उचलला आणि माझी कूस फाडली. तीच मला घेऊन खळ्यावर धावली.

रचनाने रबरी पट्टा भोजराजच्या दंडाला गुंडाळून ताणला. तो वाळल्या काडीसारखा तुटला. रचनाने ओढणी काढून बांधली, कात्री बंद करून गाठीत अडकवली आणि पीळ देत गेली. "माय, पट्ट्या दे! सगळ्या दे!" अल्काबाई एकेक गुंडाळी उलगडून देत होती. बुद्धभूषणची प्रत्येक घडी मी तिच्या हातून सुटताना पाहिली.

भोजराज वाचला. हात मनगटातून काढावा लागला. दवाखान्यातले मात्र ऐकीव आहे. तिथे तो अल्काबाईला म्हणाला, "बरं झालं वहिनी, आता निर्मला मले धान कापाले नाही लावत." निर्मलाबाई रडता रडता हसली. अल्काबाई हसली नाही. तिने डॉक्टरांना विचारले, "रबर तुटलं नसतं तं हात राहिला असता का जी?" डॉक्टर म्हणाले, हात मशीननेच नेला होता, पिळाने जीव वाचला. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या डॉक्टरांना तेच विचारले. उत्तर तेच मिळाले. तरी घरी अजूनही ती त्या तुटक्या रबराचे तुकडे हातात घेऊन बसते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्याही घरी असेल. तिच्यासमोर हात जरूर जोडा. पण तिला उघडा, झाडा, उन्हात ठेवा, तिचे काम तिला करू द्या. नुसत्या मानाने वस्तू आतून मरते आणि बाहेरून कोणाला कळत नाही.

माझी कूस आता जाड दोऱ्याने शिवलेली आहे. टाके वाकडे आहेत, अल्काबाईचेच आहेत. परवा तिने मला खांद्याला लावले आणि कोहमाऱ्याच्या औषधाच्या दुकानात नेले. रचनाने सांगितलेले एकेक सामान तोंडपाठ सांगितले. दुकानदाराने पट्ट्यांचा ढीग काउंटरवर ठेवला आणि घाबरून विचारले, "मावशी, कोणाले लागलं जी?"

"अजून कोणाले नाही," अल्काबाई म्हणाली.