गेवराईच्या पुढं

मुक्ताबाई गेली तीन वर्षं नागपूरला निघत होत्या आणि तिन्ही वर्षं पोचल्या नव्हत्या. यात मुक्ताबाईंचा काडीचा दोष नव्हता, नागपूरचा तर नव्हताच नव्हता. दोष होता युसूफ वडगावच्या सत्यशीला दूध डेअरीतल्या एका कोंदट खोलीचा, आणि त्या खोलीत एकावर एक रचलेल्या सात जुनाट कॉम्प्युटरांचा.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन वंदन करायचं, एवढीच म्हातारीची इच्छा. केजच्या विहारातल्या सगळ्या बाया जाऊन आल्या होत्या. काही तर दोन-दोनदा. त्या परत येऊन स्तूप केवढा, गर्दी किती, पुस्तकांची दुकानं कशी, हे तासतासभर सांगायच्या आणि मुक्ताबाईंना मान हलवत ऐकावं लागायचं. पहिल्या वर्षी त्या पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि लेकीचा फोन वाजला. दुसऱ्या वर्षी फोन केजच्या स्टँडवर वाजला. तिसऱ्या वर्षी गाडी पार गेवराईपर्यंत गेली, तिथं चहाला थांबली, आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत वाजला! परतीच्या एस्टीत बसल्यावर मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे बाई. माझं नागपूर गेवराईलाच हाय."

रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या रागावल्या नाहीत, हेच लेकीला झोंबलं.

लेक म्हणजे यशोधरा. सत्यशीला डेअरीचं कॉम्प्युटरचं सगळं खातं तिच्या एकटीच्या डोक्यावर. बावीस गावांत डेअरीची संकलन केंद्रं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे, दुधाचं फॅट मोजलं की आकडा वायरीतून युसूफ वडगावला जायचा आणि तिथून पावती निघायची. एक कॉम्प्युटर फॅटचा, एक टँकरच्या फेऱ्यांचा, एक दूध थंड करणाऱ्या टाक्यांचं तापमान बघणारा, एक हजेरीचा, असे सात. यातल्या एकानं जरी मान टाकली की कुठल्या ना कुठल्या गावात रांग खोळंबायची, किटल्या उन्हात तापायच्या आणि माणसं त्याहून जास्त तापायची. मग फोन यशोधराला. ती यायची, त्या कॉम्प्युटरला झटकून-पुसून, कधी चक्क दोन थपडा मारून उठवायची, आणि पुढचा पडेपर्यंत सगळं सुरळीत.

परतीच्या त्या एस्टीतच तिनं ठरवलं, आता बास.

तिनं मालकांपुढं, म्हणजे विजयसिंहदादांपुढं, कागद ठेवला. सात जुनी मशीनं काढायची. त्यांच्या जागी दोनच दणकट सर्व्हर आणायचे आणि त्या सातांचं काम त्यांच्या पोटात बसवायचं. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन.

"म्हंजी सात कॉम्प्युटर न्हाईतच, पर हायत?" दादांनी विचारलं.

"हायत. फक्त डब्बा न्हाई. एका घरात सात सुना, अन् हरेकीला वाटतंय की चूल माझी एकटीचीच हाय. तसं."

"आमच्या घरात दोन हायत तर ही तऱ्हा. सात कशा नांदतील?" दादा हसले. मग कागद पुन्हा बघून म्हणाले, "बरं, एकाच्या पोटात सात मावतात म्हणती. मंग दोन कावून?"

"एक बंद पडला तर दुसऱ्यानं सातीच्या साती उचलायच्या. म्हणून दोघं बी अर्धे रिकामे ठिवायचे."

"अर्धे रिकामे ठिवायला इकत घ्यायचे? लई शानी हायस!"

दादा तसे मनानं दिलदार गडी, पण नव्या गोष्टीला हात लावायचा म्हटलं की त्यांचा पाय मागं यायचा. तीन महिने यशोधरा त्यांच्या मागं लागली. शेवटी त्यांच्या आईनं, जिच्या नावानं डेअरी होती त्या सत्यशीलाबाईंनी, जेवता जेवता पोराला विचारलं, "का रे, टँकरला तू स्टेपनी ठिवतोस का न्हाई?" तेव्हा कुठं दोन सर्व्हर आले.

मग आठ रविवार ती त्या खोलीत खपली. एकेका जुन्या मशीनचं सगळं पोट नव्यात उतरवायचं, आठवडाभर तिथं चालवून बघायचं, आणि मगच जुन्याची वायर काढायची. तापमानाच्या मशीननं तर जीव खाल्ला. त्याचा पासवर्ड ठेवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला, बसवणारी कंपनी बुडालेली. तरी तिनं तेही उतरवलं. जुन्यातला एक बारका कॉम्प्युटर तेवढा ठेवला, पंच म्हणून. दोन सर्व्हरांत बोलणं तुटलं तर खरंच मेला कोण आणि जिवंत कोण, हे त्यानं सांगायचं. दोघांत तंटा झाला की तिसरा लागतोच, हे काही गावाला शिकवायला नको.

या सगळ्या कामात तिच्या मदतीला कोण, तर बिभीषणमामा. मामा डेअरीचे जुने फोरमन, बॉयलर आणि पंपांचे धनी. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वायरी ओढायला, सर्व्हर मांडणीवर चढवायला तेच. मांडणीतल्या प्रत्येक वायरीला आणि प्रत्येक भोकाला यशोधरानं रंगीत चिकटपट्टी लावली. लालमध्ये लाल, पिवळ्यात पिवळी.

"मामा, आता ह्यातला एक बंद पडला तरी दूध थांबत न्हाई बरं का," ती एकदा म्हणाली.

"म्हंजी माझ्या दोन पंपावानी," मामा म्हणाले. "एक कामाला, एक उभा."

"अगदी तसंच."

मामांनी मान डोलावली आणि विषय संपला. दादांचा मात्र संपला नव्हता. एक सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसरा खरंच सगळं उचलतो का, हे बघायला यशोधरानं चार वेळा परवानगी मागितली. चारही वेळा दादा म्हणाले, "चालतंय ना? मंग चालत्या गाडीला खीळ कावून घालती?" त्यामुळे दसरा आला तरी तिची ती दुसऱ्या सर्व्हरची खात्री नुसती कागदावरच होती. ती तशीच मायला घेऊन निघाली.

विहाराच्या मंडळींची गाडी खंडेनवमीच्या दिवशी सकाळी सहाला केजहून सुटली. सव्वाआठला गेवराईला चहाला थांबली. दुसरीकडं कुठं थांबेल तर शपथ!

यशोधरानं कप उचलला आणि फोन थरथरला. पडद्यावर लाल अक्षरं होती: पहिला सर्व्हर बंद.

सकाळचं संकलन अजून चालू होतं, बावीसच्या बावीस गावांत रांगा असणार. तिनं वर बघितलं तर मुक्ताबाई गाडीतून आपली पिशवी घेऊन खाली उतरल्या होत्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. लेकीचा चेहरा बघितला आणि उतरल्या.

"परतीची एस्टी पलीकडच्या बाजूला लागती," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला आपण तिथूनच बसलतो."

यशोधराला रडूच आलं असतं, पण तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. फॅटचं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर चालू. मग टँकरचं. मग हजेरीचं. पहिल्या सर्व्हरवर सातातली चारच होती. तीन मिनिटांत तीन उठली. तापमानाचं ते नतद्रष्ट काही उठेना. "ऊठ की रे मुडद्या," ती मोठ्यानं म्हणाली, चहावाल्यानं दचकून तिच्याकडं बघितलं, आणि तेही उठलं.

तोवर दादांचा फोन आलाच.

"यशोधरा! अगं तुझा सर्व्हर पुजंत बसलाय!"

"काय?"

"पुजंत! मी नारळ फोडायला आलो तर हितं विळे, पाने, कडबाकुट्टी, पंप, अन् त्यांच्या मधी तुझा सर्व्हर! हार घालून! ह्या बिभीषणनं मांडणीवरून उचलून आणलाय. तू आत्ताच्या आत्ता माघारी ये!"

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला हळदकुंकू लावायचं, हे खरं. पण चालता सर्व्हर उचलून पाटावर मांडणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो यशोधराच्या वाट्याला आला होता.

"दादा, मामांना फोन द्या."

मामा शांत होते. "पोरी, तू गावाला गेलीस. समद्यांची हत्यारं पुजंला अन् तुझंच तेवढं अंधारात? बरं दिसतंय का ते?"

"पाणी-बिणी न्हाई ना मारलं, मामा?"

"येडी का खुळी तू? कोरड्या फडक्यानं पुसलाय. कुकू वरच्या पत्र्याला लावलंय."

"पर चालता सर्व्हर होता तो! मला इचारायचं तरी."

"त्यात काय इचारायचं?" मामांना खरोखर नवल वाटलं. "तूच म्हणली व्हतीस, एक बंद झाला तरी दूध थांबत न्हाई. पंप बी एक पुजंला बसवलाय, दुसरा चालू हाय. तसंच ह्याचं केलं. तू काय खोटं बोलशील व्हय?"

दादांनी चार वेळा नाही म्हटलं होतं. तिनं स्वतः तीन रात्री झोप घेतली नव्हती. आणि या माणसानं तिचा शब्द एकदा ऐकला आणि दोन्ही वायरी काढून मोकळा झाला.

फोन पुन्हा दादांकडं गेला. "म्या म्हणतोय, लाव माघारी. तर म्हणतो पुजंला बसलेलं हत्यार दसऱ्याबिगर उठत न्हाई. अन् आईबी त्याच्याच बाजूनं! तू ये बाई, तूच सांग त्याला."

"दादा, कुठल्या गावचा फोन आला का? पावती निघंना म्हणून?"

दादांनी फोन बाजूला धरला. मागं कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. "न्हाई. एक बी न्हाई."

"दूध थांबलंय का?"

"न्हाई." मग हळूच, "अगं, म्हंजी खरंच उचललं की त्यानं!"

"उचललं."

"ते ठीक हाय, पर आता एकच राह्यलाय. संध्याकाळी तो बी बसला तर? सणाचं दूध हाय, दुप्पट येतंय. तू ये माघारी."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडीतून कुणीतरी "चला की यशोधरा!" म्हणून ओरडलं. मुक्ताबाई पिशवी पोटाशी धरून रस्त्याच्या पलीकडं बघत होत्या. दादा चुकीचं बोलत नव्हते. आता मागं काही उरलं नव्हतं, दुसरा पडला तर सगळंच पडणार होतं. पण तसं झालं तर करायचं काय? पाटावरचा पहिला उचलायचा आणि लालमध्ये लाल, पिवळ्यात पिवळी लावायची. ते कुणाला येतं? मामांना येतं. मांडणीवर त्यांनीच तर चढवला होता. मग आपण तिथं जाऊन करणार काय? नुसतं उभं राहणार. तिनं पुन्हा पुन्हा विचार केला आणि पुन्हा पुन्हा उत्तर एकच आलं, आपली गरज नाही. एरवी माणसाला हे वाक्य टोचतं. यशोधराला इतका आनंद झाला, की आपल्यावाचून अडत नाही याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"दादा, मी येत न्हाई."

"आँ?"

"दुसरा बसलाच तर मामांना म्हणावं पूजा उठवा, अन् रंगाला रंग बघून पहिला जोडा. बटण दाबलं की सातीच्या साती आपल्या आपण उठतील. अन् न्हाई उठल्या तर माझ्या नावानं खडे फोडा. मी मायला घेऊन नागपूरला चाललेय."

पलीकडं पूजेतली घंटा वाजत होती. मग सत्यशीलाबाईंचा आवाज आला, पोराला झापणारा: "जाऊ दे की तिला! नारळ फोड आधी, मुहूर्त चाललाय." आणि फोन बंद झाला.

"चल माय, चढ वर," यशोधरा म्हणाली.

मुक्ताबाई हलल्या नाहीत. "मला बरं वाटावं म्हणून सांगत असशील तर नको. मला सवय झालीय. तुझी नोकरी गेली तर मी त्या स्तूपापुढं काय तोंडानं उभी राहू?"

"न्हाई जात नोकरी. तिथं समदं चालू हाय, माय. माझ्याबिगर चालू हाय."

"खरं?"

"खरं."

म्हातारीनं लेकीच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग जी तुरुतुरु पायऱ्या चढली, की दारातल्या दोन बाया बाजूला झाल्या. खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी हलली तशी हमसून हमसून रडायलाच लागली. सगळी गाडी विचारायला लागली, काय झालं मावशी, काय झालं. मुक्ताबाईंना रडता रडता हसूही यायला लागलं, त्यामुळं कुणाला धड काही कळेना. जालना येईपर्यंत हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दीक्षाभूमीच्या त्या अफाट गर्दीत मायलेकी रांगेत उभ्या होत्या. स्तूप पुढं दिसत होता, दहा पावलांवर. आणि फोन वाजला. यशोधराचा हात पिशवीत जायच्या आधीच मुक्ताबाईंनी फोन काढला, उलटा होता तो सुलटा केला आणि कानाला लावला.

"कोन, दादा का? जय भीम. सगळं बरं चाललंय ना? चाललंय म्हनता? झ्याक. मंग परवा बोला. आत्ता आमी मायलेकी लई कामात हाव."

आणि फोन कनवटीला खोचून त्या लेकीचा हात धरून पुढं सरकल्या.